गाडी सावलीत, छत्री उन्हात: फिरत्या गाडीसाठी डिश कोणती घ्यावी

भुसावळहून आलेला तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुनी ट्रॅव्हलर घेतली, मधल्या सीटा काढून दोन पलंग आणि छोटा ओटा बसवला. आता आई-वडील आणि मुलं घेऊन आधी तोरणमाळ, मग द्वारका, जमलंच तर उन्हाळ्यात लेह. वडिलांना संध्याकाळी सातच्या बातम्या आणि कीर्तन लागतं, मुलांना क्रिकेट. मग टपावर बसणारी, आपोआप उपग्रह शोधणारी घुमटासारखी डिश घ्यावी, घरच्यासारखी डिश टपावर कायमची ठोकावी, की स्टँडवरची सुटी घ्यावी?

सुटी घ्या. ६० सेंटीमीटरची, साधी, घरांवर असते तीच. स्टँड मात्र चांगला घ्या.

डीडी डायरेक्ट प्लस, म्हणजे आजचं डीडी फ्री डिश, डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच उन्हाळ्यात मी पहिली छत्री चढवली. आमच्याकडे डिशला छत्रीच म्हणतात, इथेही तेच म्हणतो. घरांच्या गच्च्या तर झाल्याच, पण केळीचे ट्रक, पंढरपूरला निघालेल्या दिंडीच्या मागची सामानाची गाडी, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडेवाल्यांचे तंबू, सगळीकडे छत्र्या लावून दिल्या आहेत. फिरत्या गाडीचं गणित घरापेक्षा वेगळं असतं, ते इथेच शिकलो.

ते गणित सावलीपासून सुरू होतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या गाडीत माणूस राहायचा असेल तर गाडी निंबाखाली, चिंचेखाली, आंब्याखालीच लागणार. आणि छत्रीला तर वर मोकळं आकाश हवं. पानांमधून सिग्नल जवळजवळ येतच नाही, ओल्या पानांमधून तर अजिबात नाही. छत्री टपावर ठोकली की रोज संध्याकाळी घरात भांडण: म्हातारी म्हणणार गाडी सावलीत घ्या, म्हातारा म्हणणार बातम्या लावा. सुटी छत्री असली की गाडी सावलीत, छत्री उन्हात, मध्ये पंधरा मीटर केबल. भांडण मिटलं.

टपावरच्या छत्रीची दुसरी खोड अशी की ती गाडीबरोबर हलते. ६० सेंटीमीटरच्या छत्रीची नजर साधारण ३ अंश रुंद असते, म्हणजे मध्यापासून दीड अंश इकडे की दीड अंश तिकडे. तेवढ्यात बसलं तर चित्र, नाही तर निळा पडदा. गाडीचं एक चाक खड्ड्यात असलं तरी तेवढा फरक पडतो. आत पोराने पलंगावर उडी मारली, गाडी स्प्रिंगवर डुलली, की चित्राचे चौकोन-चौकोन होतात. घरची गच्ची डुलत नाही, म्हणून घरी हे कधी कळत नाही.

आपोआप शोधणाऱ्या घुमटाबद्दल सांगतो. वस्तू वाईट नाही. अमेरिकेत अशा गाड्यांवर त्या सर्रास असतात आणि बटण दाबलं की मिनिटभरात उपग्रह पकडतात. पण त्या तिकडच्या उपग्रहांसाठी बांधलेल्या असतात. तिकडचे टीव्हीचे उपग्रह पश्चिम रेखांशावर ११०, ११९, १२९ अंशांवर, म्हणजे आपल्या दृष्टीने पृथ्वीच्या पलीकडे. त्यांच्या लहरीही गोल फिरणाऱ्या, आपल्या फ्री डिशच्या सरळ. एका ओळखीच्या गृहस्थांनी भाच्याकडून असा घुमट मागवला होता. यावलच्या शेतात तो अर्धा तास कुंईकुंई करत आकाश धुंडाळत राहिला. घेणाऱ्याला वाटलं मशीन बिघडलं. मशीन ठणठणीत होतं, बिचाऱ्याला शोधायचं होतं ते आपल्या आकाशात नव्हतंच. आपल्या उपग्रहांसाठी तयार केलेला घुमट कुणी लेखी हमीने देत असेल आणि तुमच्या अंगणात लावून दाखवत असेल तरच पैसे मोजा. आणि गाडी चालू असताना चित्र हवं असेल तर तो प्रकारच वेगळा, जहाजांवर असतो तसला. तुमच्या बजेटमध्ये त्याचा विचारही नको. रस्त्यात मुलांना मोबाइल द्या, खिडकीतून सातपुडा दाखवलात तर आणखी चांगलं.

आता कंपनी. इथे लोक पॅकेजचे दर विचारतात. मी आधी विचारतो की उपग्रह कोणता, कारण झाडांशी सामना त्याचा होणार आहे. आपले सगळे डीटीएच उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर एका जागी टांगल्यासारखे आहेत. टाटा प्लेचा ८३ अंश पूर्वेला, डी२एचचा ८८ ला, डीडी फ्री डिश जीसॅट-१५ वर ९३.५ ला, डिश टीव्ही ९५ ला, एअरटेल १०८.२ ला. जळगावातून बघितलं तर टाटा प्लेचा जवळजवळ दक्षिणेला आणि क्षितिजापासून ६४ अंश वर. फ्री डिशचा बरोबर आग्नेयेच्या आसपास, ५८ अंश वर. एअरटेलचा बराच पूर्वेकडे झुकलेला आणि ४६ अंशांवर.

याचा अर्थ मैदानात असा निघतो. फ्री डिशसाठी तीस फुटी निंबाच्या फांद्यांच्या टोकापासून वीस फूट मागे सरलात की आकाश मोकळं. १०८.२ साठी तेच अंतर तीस फूट, म्हणजे झाड जितकं उंच तितकं मागे. घरी हा फरक जाणवत नाही, गच्चीवर झाड नसतं. म्हणून घरी एअरटेल असेल आणि झाडाझुडपांत मुक्काम करायचा असेल तर केबल थोडी लांब घ्या, एवढंच.

या उंच कोनाचा फायदा मात्र मोठा आहे, आणि तो लोकांना पटत नाही. डोंगर आड येत नाही! पाटणादेवीला तिन्ही बाजूंनी डोंगर आहेत. तिथे गाडी लावलेल्या एका कुटुंबाने मला फोन केला, "भाऊ, दक्षिणेला कडाच उभा आहे, इथे काही येणार नाही." मी म्हटलं, हात सरळ समोर करा, मग डोक्याच्या वर न्या, या दोन्हीच्या मधल्यापेक्षाही जरा वर उपग्रह आहे. तिथपर्यंत डोंगर येतो का? नव्हता येत. त्यांची अडचण डोंगर नव्हती, डोक्यावरचं झाड होतं. (भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख याच पाटण्याला आहे. तिथे तरी कोन मोजायचा कंटाळा करू नये.)

तुमच्या घरी आधीच पैसे भरून कनेक्शन असेल तर घरची छत्री काढू नका. फक्त बॉक्स आणि रिमोट सोबत घ्या आणि दुसरी छत्री वेगळी ठेवा. सिग्नल देशभर तोच असतो, रिचार्ज तोच चालतो. कनेक्शन नसेल तर डोळे झाकून फ्री डिश. दरमहा काही नाही, सह्याद्रीच्या बातम्या आहेत, डीडी स्पोर्ट्सवर भारताचे निवडक सामने येतात. दीड-दोन हजारांत सगळं सामान होतं. मोबाइलच्या नेटवर सगळं दिसतं हे मलाही माहीत आहे, पण धडगावच्या पुढे एकदा संध्याकाळी रेंज शोधून बघा, मग बोलू.

आकार. ४५ सेंटीमीटरची छोटी छत्री मोहात पाडते: हलकी, सीटखाली मावते, नजर रुंद असल्याने पटकन लागते. पण ६० च्या मानाने तिचं क्षेत्रफळ जेमतेम निम्म्याहून थोडं जास्त. आषाढातल्या ढगात ती पहिली मान टाकते. शिवाय ९१.५, ९३.५ आणि ९५ हे शेजारी-शेजारी बसलेले उपग्रह, छोट्या छत्रीला शेजाऱ्याचाही आवाज ऐकू येतो. ९० ची पावसात टिकते, मान्य. पण ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात ६० च्या छत्रीवर पाच-सहा किलोचा दाब येतो, ९० वर त्याच्या सव्वादोनपट. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलकडे पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. त्या माळावर ९० ची छत्री स्टँडवर उभी करून दाखवा, मी चहा पाजतो. युरोपात पाटीसारखे चपटे अँटेनाही वापरतात. दिसायला देखणे, पण महाग, आणि ओढायची ताकद फार तर आपल्या ६० च्या छत्रीइतकी.

जुनी छत्री घेतलीत तरी चालेल, गच्च्यांवर बंद पडलेल्या शेकडो आहेत. फक्त एक करून बघा. काठावर एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंत दोरा ताणा, दुसरा दोरा त्याला आडवा ताणा. दोन्ही दोरे मध्यभागी एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. मध्ये बोटभर फट दिसली की छत्री पिळवटलेली आहे. ती भंगारात द्या. लहरीची लांबीच अडीच सेंटीमीटर, त्यात बोटभराचा पीळ चालत नाही. एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरच्या दांडीवरचा सिग्नल गोळा करणारा डबा, मात्र नवाच घ्या. उन्हाने जुन्याच्या टोपणाला बारीक तडे जातात आणि पहिल्या पावसात पाणी आत.

स्टँड हा खरा खर्च. पत्र्याचे हलके स्टँड घेऊ नका. तीन पाय फाकणारा, मधली काठी सरळ आणि जाड, पाय लॉक होणारा लोखंडी स्टँड कोणताही वेल्डिंगवाला करून देईल. मधोमध खाली एक हुक हवाच. त्याला वीस लिटरची पाण्याची कॅन अडकवली की स्टँड हलत नाही, आणि कॅन तर तुमच्याकडे असतेच. काळ्या जमिनीत पावसानंतर पाय रुतत जातात, दर तासाला छत्री एकेक अंश झुकते आणि माणूस बॉक्सला शिव्या देतो. प्रत्येक पायाखाली विटेचा तुकडा किंवा फळी ठेवा.

आणि दोऱ्या बांधल्यात तर त्यांना लाल चिंधी लावा. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी एका घोडेवाल्याच्या तंबूजवळ मी छत्री लावून दिली होती. तंबूत दहा-बारा जण मॅच बघत होते. शेवटची दोन षटकं उरली आणि चित्र गेलं. आतून सगळे ओरडले, "काय व्हयनं, भाऊ?" बाहेर येऊन बघतो तर एक पांढरी घोडी छत्रीच्या काठीला निवांत मान घासत उभी. तिला काय, खांब दिसला, खाज आली. काठी चार अंश फिरली होती. मी परत सरळ करेपर्यंत मॅच संपली आणि निकाल शेजारच्या तंबूतल्या आरडाओरड्यावरून कळला. त्या दिवसापासून मी काठीवर आणि पकडीवर, म्हणजे छत्री काठीला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पवर, पांढऱ्या रंगाची एक उभी रेघ मारतो. कुणी हलवलं तर रेघ रेघेला जुळवायची, दहा सेकंदांत चित्र परत.

आता लावायचं कसं ते नीट सांगतो, कारण लोक छत्री विकतात ती याच जागी हरून.

आधी काठी उभी सरळ करा. गवंड्याचा ओळंबा धरा, किंवा दोऱ्याला नट बांधा, तेच काम. समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून बघा. काठी तिरकी असली की पुढचे सगळे आकडे खोटे. मग फोनमधला होकायंत्र घ्या, पण गाडीपासून आणि स्टँडपासून दहा-बारा पावलं लांब जाऊन, लोखंडाजवळ तो काहीही दाखवतो. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जवळजवळ नाहीच, त्यामुळे होकायंत्राचा आकडा तसाच धरा. फ्री डिशसाठी १३८ अंश. त्या दिशेला दूरचं काहीतरी हेरून ठेवा, मोबाइलचा टॉवर, एखादं ताडाचं झाड, आणि छत्री त्याच्याकडे वळवा.

मग उंची. इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. उपग्रह ५८ अंशांवर आहे, पण छत्री तितकी वर बघताना दिसत नाही. वाटतं, ती समोरच्या आंब्याकडेच बघतेय. कारण या छत्र्यांचा एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो, आणि छत्री दिसते त्यापेक्षा साधारण २४ अंश वर बघत असते. म्हणून मागच्या पकडीवर छापलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवा, डोळ्यांवर नाही.

एलएनबी स्वतःच्या भोवतीही थोडा फिरवावा लागतो. जळगावात फ्री डिशसाठी सुमारे ३९ अंश. छत्रीच्या मागे उभं राहून उपग्रहाकडे तोंड केलंत तर घड्याळाच्या उलट दिशेने. घरी बसवणारा हे एकदा करून जातो आणि तुम्हाला कधी कळत नाही. गावोगाव फिरताना हेच नडतं. पडद्यावर स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी रडतेय असं दिसलं की पहिला संशय यावर घ्या.

आता बॉक्सचा सिग्नलचा पडदा उघडा. एकाला आत बसवा, दारातून पडदा दिसत असेल तर उत्तम. बॉक्समध्ये एलएनबीची फ्रिक्वेन्सी युनिव्हर्सल, ९७५०-१०६००, आहे ना हे बघा. मीच एकदा हे न बघता दीड तास छत्री फिरवली आहे. मग पकडीचे नट इतकेच सैल ठेवा की छत्री हाताने जड जड फिरेल. दोन्ही हात काठावर. करंगळीच्या जाडीइतकं सरकवा आणि थांबा. मनात चार मोजा. बॉक्सला विचार करायला तेवढा वेळ लागतो. नवशिका इथेच चुकतो, सपासप फिरवतो, सिग्नल येऊन जातो आणि याला पत्ता नाही. पुन्हा करंगळीभर, पुन्हा चार. क्वालिटी उसळली की तिथून पुढे जाऊन ती पडेपर्यंत बघा, मग मागे येऊन दुसऱ्या बाजूला पडेपर्यंत बघा, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये आणून नट आवळा. आवळताना छत्री अर्धा अंश खाली बसते, म्हणून आवळून झाल्यावर परत पडदा बघा. बाजारात काही शेकड्यांत मिळणारा पीं-पीं वाजणारा मीटर उपयोगी आहे, पण तो कोणताही उपग्रह दिसला की वाजतो. ९५ वर छत्री लावून फ्री डिशचे चॅनेल शोधत बसलेले मी पाहिले आहेत.

एकदा भुसावळात अंगणात जमलं की अख्खा खानदेश तुमचा. रावेरपासून तोरणमाळपर्यंत फ्री डिशची दिशा १३९ ते १३७ आणि उंची ५८ ते ५७, रेघेला रेघ जुळवली की काम झालं. लांब गेलात की बदलतं. द्वारकेला दिशा १३०, उंची ५२, एलएनबी ४५. लेहला दिशा १५३, उंची ४७ आणि एलएनबी फक्त २२. वडिलांनी पंढरपूर म्हटलं तर १३३, साडेसाठ आणि ४४. हे आकडे छत्रीच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवा. कागद हरवतो.

केबल आरजी-६, पंधरा मीटर, टोकांना पिळायचे नाहीत तर दाबून बसवलेले एफ कनेक्टर. दारात चेपू नका. गाडीच्या पत्र्यात एकदाच भोक पाडून रबरी बूच आणि जॉइंटर बसवा, बाहेरून केबल लावली की झालं. जोडताना बॉक्स बंद हवा, केबलमधून एलएनबीला १३ ते १८ व्होल्ट जातात आणि तार पत्र्याला टेकली तर बॉक्स जाऊ शकतो. वीज फार लागत नाही: २४ इंची टीव्ही आणि बॉक्स मिळून ४० वॉटच्या आसपास, तीन तासांना बॅटरीतून दहा अँपिअर-अवर. दोन्ही १२ व्होल्टवर चालणारे घ्या, इन्व्हर्टर मध्ये घालू नका. मात्र इंजिन चालू असताना गाडीचा व्होल्टेज १४ च्या वर चढतो, तेव्हा १२ वर स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर मध्ये हवाच.

पेटीत १० आणि १३ नंबरचे पाने, ओळंबा, दोन जास्तीचे कनेक्टर आणि मार्कर टाका. निघायच्या आदल्या रविवारी अंगणात दोनदा लावून, दोनदा उतरवून बघा, दुसऱ्यांदा मुलाच्या हातून.